झिजल्यावाचून हलकी होणारी चाके

“रोज वापरावीत, रोज हलकी व्हावीत, परंतु गुंजभरही झिजू नयेत, अशी चाके मला हवीत!” खडकमाळ संस्थानचे अधिपती रणधवलराजे गर्जले.

सिद्धनाथाच्या डोंगरावर दरवर्षी यात्रेत सायकलींची शर्यत होई, आणि दरवर्षी शेजारचे दौलतराजे ती जिंकत. दोष अर्थातच सायकलीचा! म्हणून नवी सायकल निवडणे चालले होते. जाड चाकांच्या सायकलीला महाराज म्हणाले, “जड!” पातळ चाकांच्या सायकलीवर ते बसताच तिच्या तारा कण्हू लागल्या. महाराज म्हणाले, “मोडकी!”

सायकली सांभाळणारे बहिर्जी मिस्त्री हात जोडून म्हणाले, “सरकार, आपण म्हणता तसे चाक त्रिभुवनात नाही.”

“मग उद्यापासून हत्तीखान्यात शेण उचला!”

मिस्त्रींची कन्या सगुणा पुढे झाली. “आहे, सरकार! ही जाड चाकेच तशी आहेत. आत्ता तोलून ठेवा. मात्र यांचे एक व्रत आहे. रोज पहाटे यांवरून डोंगर चढायचा, वर देवाचे दर्शन घ्यायचे आणि दुपारपर्यंत मूठभर लाह्यांच्या प्रसादावर राहायचे. शिवाय महिनाभर बासुंदी वर्ज्य!”

“चाकांचा आणि बासुंदीचा काय संबंध?”

“व्रताला कारण विचारू नये, सरकार. व्रत मोडते!”

महाराजांनी चाके तोलून वजन लिहून ठेवायला लावले आणि व्रत धरले.

पहिल्या पहाटे चढणीवर त्यांच्या मुखातून देवाचे नाव निघाले, ते भक्तीने नव्हे, धापेने! तेही अर्धेच. काही दिवसांनी पूर्ण नाम उच्चारण्याइतका श्वास उरू लागला. महिनाअखेरीस तर महाराज आख्खा अभंग तालासुरात म्हणत माथ्यावर पोहोचले आणि तिथे वाट पाहणाऱ्या सगुणेला पाहून आनंदाने ओरडले, “चाके फुलासारखी हलकी झाली! पण थांब पोरी, मिस्त्रींनी कानस मारली असेल तर?”

“तोलून पाहावे, सरकार!”

यात्रेचा आदला दिवस होता. त्या दिवशी राजाची गुळाने तुला करून तो गूळ वाटण्याची संस्थानची रीत असल्यामुळे मंदिरात मोठा तराजू टांगलेलाच होता. चाके तोलली. वजन जसेच्या तसे!

“मग हलकी लागतात कशी?” महाराज चक्रावले.

“आता आपण बसावे.”

महाराज पारड्यात बसले आणि पुजारीबुवांनी गेल्या वर्षाइतक्याच गुळाच्या ढेपा समोरच्या पारड्यात रचल्या. शेवटची ढेप ठेवली मात्र, गूळ धपकन खाली आणि महाराज अधांतरी! मुकुट तुळईला टेकला, पाय हवेत लोंबू लागले.

“अगं, उतरव मला! हा काय चमत्कार?”

“चमत्कार नव्हे, सरकार! चाके आहेत तेवढीच आहेत. त्यांच्यावरचे ओझे हलके झाले!”

“म्हणजे इतके दिवस दोष…”

“तो देवाच्या दारी कशाला उच्चारायचा? उद्या शर्यतीला मात्र ती पातळ चाके लावावीत.”

“ती? ती तर मोडकी होती!”

“मोडकी नव्हती हो, सरकार. बिचारी आपल्याला भीत होती!”

महाराज असे हसले, असे हसले, की पारडे पाळण्यासारखे हिंदकळू लागले! खाली उतरताच त्यांनी मिस्त्रींची चाकरी कायम केली, सगुणेला संस्थानच्या सायकली निवडण्याचा मान दिला आणि तुलेत त्यांच्या वजनाहून जास्त ठरलेला सारा गूळ तिच्या ओटीत घातला.