भानाजीच्या दारातले पहारेकरी

नद्यांनी तेव्हापासून कितीदा तरी पात्रं बदलली, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका राजधानीच्या पेठेत भानाजी नावाचा कपडेविक्या होता.

त्या काळी तरुणांसाठी वेगळे कपडे कुणी शिवत नसे. बापाचा अंगरखा आखूड केला की तो मुलाचा झाला. भानाजीनं हे हेरलं. तो पेठेतल्या पोरापोरींना विचारायचा, "तुला काय घालावंसं वाटतं?" ती सांगत ते त्याची शिंपीण राही कापडात उतरवी. कुणाला धावताना न अडकणारी बाही, कुणाला जांभळा काठ.

थोड्याच वर्षांत गावची सगळी तरुण मंडळी त्या दुकानात जमू लागली. काही घ्यायचं नसलं तरी येत, आरशापुढे उभी राहत, खिदळत. सात गावांत भानाजीची दुकानं निघाली.

मग एका परक्या माणसानं पेठेत भानाजीसमोरच्या गाळ्यात दुकान थाटलं. त्याच्या दारात टांगलेल्या अंगरख्याला तीच बाही होती, तोच जांभळा काठ.

भानाजीच्या मनात पाल चुकचुकली. "आपल्यातलंच कुणीतरी फितूर आहे!"

त्या दिवसापासून त्याची नजर बदलली. कुणी शिवण उलटून पाहिली, की तो हेर. कुणी रिकाम्या हातानं निघाला, की तो चोर. त्यानं आरसे काढून टाकले आणि दारात दोन पहारेकरी उभे केले. सातही दुकानांत तेच.

एकदा लग्नाचे कपडे घ्यायला एक मुलगी मैत्रिणींना घेऊन आली. पहारेकऱ्यांनी सगळ्यांदेखत तिचं गाठोडं सोडायला लावलं. आत आजारी आईसाठी घेतलेला काढा होता. मुलीनं गाठोडं पुन्हा बांधलं आणि ती समोरच्या दुकानात गेली. मागोमाग मैत्रिणीही गेल्या.

राही म्हणाली, "मालक, पोरं दुखावलीत. पहारा काढा. त्यांना काय हवं ते पुन्हा विचारू, नवं शिवू."

"नवं शिवायची एवढी घाई? समोर नेऊन द्यायला का?"

राहीनं कात्री खाली ठेवली. "बारा वर्षं तुमचं मीठ खाल्लं, मालक." एवढंच बोलून ती निघून गेली.

मग नवं काही निघेना. तरुणांची आवड पुढे गेली आणि भानाजीच्या खुंट्यांवर जुन्याच बाह्या लोंबत राहिल्या. एकेक करत सहा दुकानं बंद पडली. पेठेतल्या सातव्यालाही कुलूप लावलं, त्या दिवशी तो समोर गेला.

"आता तरी खरं सांगा. फितूर राहीच ना?"

परका माणूस चकित झाला. "फितूर कशाला हवा? तुमचे कपडे घालून अख्खं गाव रस्त्यानं हिंडत होतं. मी नुसतं पाहिलं. राहीबाईंना मात्र मी दोनदा बोलावणं धाडलं. 'भानाजींच्या समोर बसून मी शिवणार नाही,' म्हणाल्या, आणि गाव सोडून गेल्या."

भानाजीनं सातही गावं पालथी घातली. राही कुठेच सापडली नाही.

तात्पर्य: संशयाला दारात बसवलं, की चोर येवो न येवो, आपली माणसं मात्र निघून जातात.