आखडलेला हात

शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. तरी ही गोष्ट सांगायचीच आहे.

"पण आबा, पोरानं असं केलं तरी काय मोठं?"

हणमंतराव शेळके हे तिसऱ्यांदा विचारत होते. गावच्या शाळा समितीचे अध्यक्ष, शब्द खाली पडू न देणारा माणूस. समोर नरहरी आबा कासार आपल्या दुकानात बांगड्यांचे जोड लावत बसले होते. लहानपणी हणमंतराव त्यांच्याच हाताखाली पखवाज शिकले. अजूनही गावात ते वाकायचे ते एकट्या आबांपुढे.

झालं होतं ते असं. हणमंतरावांच्या विराजनं, दहावीतल्या पोरानं, शाळेच्या वाटेवर लोहारांच्या कावेरीचं मनगट धरलं. मित्रांनी पैज लावली होती. ती सोड म्हणाली, यानं सोडलं नाही. हिसकाहिसकीत बांगड्या फुटल्या, काच रुतली, चार टाके पडले. आणि तिच्या बापानं सांगून टाकलं, उद्यापासून पोरीची शाळा बंद.

कावेरीची आई आबांचा शब्द मोडत नसे. आबांनी तिला समजवावं, बोभाटा होऊ देऊ नये, एवढंच हणमंतरावांचं म्हणणं होतं.

"हात कुणी धरला?" आबांनी विचारलं.

"विराजनं."

"आणि शाळा कुणाची सुटली?"

हणमंतरावांनी समोरचा एक जोड उगाच सरकवला.

"वयात आलेल्या पोराशी कधी बोललास का रे? पोरीचं मन, तिचं अंग, आपली जबाबदारी..."

"असल्या गोष्टी बापानं बोलायच्या?"

"मग कुणी? त्याच्या मोबाईलनं?"

हणमंतराव म्हणाले, वय असतं, थट्टा असते, शिवाय ती पोरगी आधी हसली होती म्हणे.

आबांनी हातातला जोड खाली ठेवला. हणमंतरावांचं मनगट धरलं.

दुकानात तीन बायका बसल्या होत्या. त्या बघू लागल्या.

हणमंतरावांनी हसून हात ओढला. सुटेना. पन्नास वर्षं बांगड्या भरणारी बोटं ती. आबांनी एक हिरवी बांगडी उचलली आणि त्यांच्या बोटांवर चढवायला घेतली.

"आबा, सोडा."

आबा सोडेनात.

"सोडा म्हणतो ना... लोक बघतायत."

हणमंतरावांचा हात आखडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढा मोठा माणूस, पण आता रडेल की काय असं वाटलं.

आबांनी हात सोडला.

"थट्टा केली रे. तू आधी हसलास ना."

...

आबांनी हिरवी बांगडी परत जागेवर ठेवली.

"पन्नास वर्षं परक्या बायकांचे हात हातात घेतोय," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यातली आग कळत होती. "एकीचाही बाप मला जाब विचारायला आला नाही. हात आखडला की मी थांबतो. कळायला शाळा लागत नाही, हणमंता. तुझ्या पोराला तो हात आखडलेला कळला होता. कळूनही त्यानं धरून ठेवला. आणि तू इथं तिच्या आईला समजवायला मला पाठवतोस?"

हणमंतराव मनगट चोळत उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विराजला घेऊन लोहारांच्या दारात गेले. चार शेजाऱ्यांसमोर कावेरीच्या बापाला म्हणाले, चूक माझ्या पोराची आणि माझी. घरी बसेल तर हा बसेल, तुमची पोरगी नाही.

कावेरी दप्तर घेऊन बाहेर आली. मनगटाला पट्टी होती. विराज माफी मागायला पुढे झाला.

"मला तुझ्याशी बोलायचं नाही," ती म्हणाली आणि चालू लागली.

विराज तिच्या मागे निघाला, तसं हणमंतरावांनी त्याला खांद्याला धरून थांबवलं. वाट मोकळी करून दोघं कडेला उभे राहिले.

तिथून हणमंतराव तडक दुकानात आले. चेहरा उतरलेला.

"आबा, पोरीनं माफी ऐकूनसुद्धा घेतली नाही. तसेच परत आलो."

आबांनी बाजूची सतरंजी झटकली.

"ती नको म्हणाली आणि तुम्ही थांबलात... बस. चहा घे."