हरबानं वखारीला टाळं लावलं

एका गावात एक भोळा हरबा होता. बाकीचे सगळे शहाणे होते, म्हणून कामं तेवढी हरबालाच सांगायचे.

हरबा आळशी नव्हता. आळशी असता तर गावाचं किती भलं झालं असतं! पण हा सांगितलेलं काम करायचाच, आणि सांगितलं तसंच करायचा. वाण्याकडं चार दिवस टिकला, गुरवाकडं दोन. शेवटी चिमाक्कानं त्याला आपल्या लाकडाच्या वखारीत ठेवून घेतलं. दोन वेळची भाकरी आणि वर कालवण. चिमाक्काच्या हातचं कालवण खाल्लं की हरबाला वाटायचं, स्वर्ग म्हणतात तो हाच, फक्त जरा तिखट आहे.

वखारीत एक मोठी करवत होती. दिवसभर घुर्रर्र करून ओंडके चिरायची. फळ्या विकल्या जायच्या. उरलेल्या साली, ढलप्या, वाकडी फळकुटं आणि भुसा मागच्या अंगाला फेकायचा. दहा वर्षं फेकला. त्याचा असा डोंगर झाला की कोंबडा त्यावर चढून आरवला तर पलीकडच्या गावाला जाग यायची.

एक दिवस जीपमधून सरकारी साहेब आला. साहेब किरकोळ, पण त्याच्या हातातला कागद लांबलचक.

"बाई, हा काय प्रकार? गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात असाच ढीग पेटला. अर्धी वाडी जळता जळता वाचली."

"साहेब, आमचा ढीग गरीब आहे," चिमाक्का म्हणाली. "दहा वर्षांत कुणाला काही बोलला नाही."

साहेब हसला नाही. त्यानं कागद वाचला. ढीग माणसाच्या डोक्यावर जाता कामा नये. दोन ढिगांमधून गाडी गेली पाहिजे, म्हणजे वेळ आली तर पाणी आत नेता येईल. भुसा ओला ठेवला पाहिजे. आणि रद्दी लाकूड आवारातून घालवलं पाहिजे. "आठ दिवसांनी येतो. एक जरी नियम मोडलेला दिसला, तरी वखारीला टाळं."

साहेब गेला. हरबानं विचारलं, "अक्का, टाळं लागलं तर काय व्हतं?"

"वखार बंद, चूल बंद, तुझं कालवण बंद."

हरबाचं तोंड एवढंसं झालं. "मग सांगा अक्का. सांगाल ते करतो."

इथंच चिमाक्का चुकली. तिनं सांगितलं.

"ढीग माणसाच्या डोक्यावर जायला नको, एवढं आधी बघ." आणि ती बाजाराला गेली.

संध्याकाळी येऊन बघते तर हरबा ढिगाच्या टोकावर बसलेला. दुपारचं ऊन खाऊन वांग्यासारखा काळानिळा झालेला.

"अरे, वर काय करतोस?"

"ढीग डोक्यावर जाऊ देत नाही, अक्का. सकाळपास्नं पायाखाली दाबून धरलाय."

"मुडद्या, उतर खाली! वरचं लाकूड काढून बाजूला मांडायचं. एकाचे चार ढीग करायचे. आणि भुशावर पाणी मार. सुकं झालं की पेट घेतं, कळलं? सुकं दिसलं की पाणी!"

हरबाला कळलं. दोन दिवसांत चार ढीग झाले, भुसा भिजला. मग तो आणखी कुठं सुकं आहे का ते बघत हिंडला. खंडेनवमी जवळ आली होती, अश्विनाचं ऊन चांगलं तापलं होतं, म्हणून चिमाक्कानं घरातल्या सगळ्या वाकळा अंगणात पसरल्या होत्या. हरबानं हात लावून बघितला. सुक्या खडखडीत! नशीब वेळेवर लक्षात आलं. त्यानं अकरा घागरी ओतल्या.

चिमाक्का धावत दारात आली.

"वाचल्या अक्का," हरबा म्हणाला. "पेटणारच व्हत्या."

"अरे, आता काय अंगावर ढलप्या घेऊन झोपू? घरातलं असं ओलं दिसलं तर पाणी मारायचं नसतं. उन्हात पसरायचं!"

"असं व्हय," हरबा म्हणाला. शिकायला तो नेहमी तयार.

दुसऱ्या दिवशी चिमाक्कानं पुरणासाठी पायलीभर डाळ भिजत घातली. खंडेनवमीला करवतीची पूजा करायची, त्या दिवशी करवत बंद ठेवायची आणि बारा कामगारांना पुरणपोळीचं जेवण घालायचं, ही वखारीची जुनी रीत. डाळ भिजवून ती शेजारी कुंकू आणायला गेली. हरबा स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला. बघतो तर डाळ ओलीचिंब! त्यानं ती पत्र्यावर नेऊन पसरली. मग ताकाचं मडकं दिसलं. तेही ओलंच. ताक पसरायला जरा अवघड गेलं.

चिमाक्का परत आली तेव्हा पत्र्यावर गावातल्या सगळ्या चिमण्या जेवत होत्या.

"हरबाऽऽ!"

"उन्हात टाकलंय, अक्का. ताक लगेच सुकलं. डाळ चिमण्या हलवून देतायत."

चिमाक्कानं कपाळावर हात मारला. तो हात तिथंच ठेवून ती म्हणाली, "बाबा रे, खायच्या वस्तूला हात लावू नको. तुझं काम बाहेर. चार ढीग मांडलेस ना? मग दोन ढिगांमधून बैलगाडी जाते का ते बघ. जात नसेल तर ढीग सरकव."

हरबानं गाडी जुंपली. चारी ढिगांमधून हाकून बघितली. एका ठिकाणी चाक अडलं, तिथला ढीग ढलपी ढलपी करून सरकवला. पुन्हा हाकली. गेली! चिमाक्का खूश झाली. पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर थाप पडली.

"शाब्बास! कसं छान मांडलंस! रांग मांडावी तर अशी."

त्या थापेनं घात केला.

खंडेनवमी उजाडली. करवतीला झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. शेजारणीकडून डाळ आणून पोळ्याही झाल्या. चिमाक्का चुलीपुढून ओरडली, "हरबा, पंगत मांड रे!"

हरबानं मांडली. पहिली पत्रावळ करवतीपाशी. मग गाडीएवढी जागा सोडून दुसरी. मग गाडीएवढी जागा सोडून तिसरी. सातवा माणूस फाटकातून बाहेर गेला. दहावा विहिरीपाशी बसला. बारावा होता वखारीचा मिस्त्री, तो शाळेपाशी पोचला. मास्तरांना वाटलं, कुणी उपोषणाला बसलंय.

वाढणारी बाई मीठ घेऊन निघाली, ती शेवटच्या पानाला पोचली तोवर पहिला माणूस जेवून हात धुवत होता. मिस्त्री लांबून ओरडत होता, "पुरणपोळीऽऽ! कुणी आहे का तिकडंऽऽ!"

तेवढ्यात घंटा वाजल्या. हरबा बैलगाडी घेऊन पंगतीत शिरला.

"बसा बसा! उठू नका कुणी! जातीय का बघतोय!"

गाडी गेली. अगदी झकास गेली. जाता जाता डाव्या बैलानं तीन पानांवरच्या पोळ्या खाल्ल्या आणि उजव्यानं आमटी प्यायली.

चिमाक्का हातातल्या उलथण्यासकट धावत आली. "अरे कर्मदरिद्र्या! माणसं म्हणजे काय लाकडं वाटली का तुला? लाकडाचा नियम लाकडाला लावायचा! वाकळेला नाही, डाळीला नाही, माणसाला नाही! जिथं लाकूड दिसेल तिथंच लावायचा. म्हण!"

"जिथं लाकूड दिसेल तिथंच लावायचा," हरबा म्हणाला. आणि या वेळी त्याला खरंच समजलं. पुरतं समजलं. तेच वाईट झालं.

दसऱ्याला चिमाक्का सोनं द्यायला बहिणीच्या गावी निघाली. जाताना म्हणाली, "उद्या साहेब येणार. आता एकच नियम उरलाय. रद्दी लाकूड आवाराबाहेर. गाडीत भर आणि गावात ज्याला लागेल त्याला देऊन टाक."

"रद्दी कसं वळखायचं, अक्का?"

"सरळ, धड असेल तो माल. वाकडं झालेलं, खिळे ठोकलेलं, वाळवी लागलेलं, ते सगळं रद्दी. एक तुकडा मागं ठेवू नको."

हरबानं दिवसभर गाडी हाकली. चारी ढीग गेले. साली धनगराकडं गेल्या, ढलप्या आचाऱ्याकडं, भुसा कोंबडीवाल्याकडं. मग त्यानं मागं काही राहिलं का ते बघितलं. वखारीचं मोठं फाटक. वाकडं! खिळे? चाळीस. वाळवी? खालून वरपर्यंत. तेही लाकूडच ना? नियम लावला. करवतीच्या खोलीचं दार. खिळे आहेत. नियम लावला. चिमाक्काच्या घराचं पुढचं दार, मागचं दार. वाळवी, वाळवी. कुंभाराचा आवा पणत्यांसाठी पेटायचाच होता. त्यानं सगळी दारं आनंदानं घेतली. सूर्य मावळायच्या आत पणत्या भाजूनही निघाल्या.

सकाळी चिमाक्का आली. जीपही त्याच वेळी आली. चिमाक्का आणि साहेब, दोघंही जिथं फाटक असायचं तिथं उभी राहिली.

साहेब आत गेला. ढीग नाही, भुसा नाही, ढलपी नाही. त्याचा चेहरा पडला. टाळं, लाख, मेणबत्ती, शिक्का सगळं घेऊन आला होता बिचारा. मग त्यानं लांबलचक कागद उलटा केला आणि एकदम खुलला.

"कागदाच्या पाठीमागे बघा! आवाराला बंद फाटक असलेच पाहिजे. नाहीतर कुणीही विडी पेटवून आत येईल. फाटक नाही म्हणजे नियम मोडला. बाई, वखारीला टाळं!"

"लावा साहेब," चिमाक्का रडकुंडीला येऊन म्हणाली. "पण कशाला लावता?"

साहेबानं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. टाळं हातात तसंच.

तेवढ्यात त्याच्या पोटात गुडगुड झालं. आदल्या दिवशी सात घरचं श्रीखंड झालं होतं. साहेबानं घाईघाईनं सगळं सामान हरबाच्या हातात कोंबलं.

"हे बघ, मी आलोच. तोवर आवारात एखादं दार शोध आणि टाळं लाव. वर लाख लाव, शिक्का मार. आणि ऐक, सरकारी सील आहे! माझ्या सहीच्या कागदाशिवाय हात लावायचा नाही. मी स्वतः तोंडानं सांगितलं तरी नाही!"

आणि साहेब टमरेल उचलून पळाला.

हरबानं दार शोधलं. सगळं आवार फिरला. अख्ख्या वखारीत एकच दार उरलं होतं. ते पत्र्याचं होतं, म्हणून त्याला लाकडाचा नियम लागला नव्हता. हरबानं बाहेरून कडी घातली, टाळं लावलं, लाख लावली आणि जिभेचं टोक बाहेर काढून नीट शिक्का मारला.

आतून आवाज आला, "कोण आहे रे?"

"मी हाय सायेब. लावलं टाळं."

"शाब्बास. कुठल्या दाराला?"

"ह्याच."

 मग पत्रा धडाधडा वाजायला लागला. "उघड! गाढवा, उघड! मी सांगतोय!"

"सायेब, तुमीच म्हनलात, तोंडानं सांगितलं तरी न्हाई. कागद लागंल."

चिमाक्का धावत आली. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं आधी पदर तोंडात कोंबला. मग दाराच्या फटीतून एक कागद आणि पेन्सिल आत सरकवली.

कागद बाहेर आला. चिमाक्का चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावत वाचू लागली. "सी... ल... का... ढा... वे. खाली सही."

हरबानं नखानं लाख खरवडून काढली. "काढलं सायेब."

"मग दार का उघडत नाही?"

"टाळ्याचं कुठं लिवलंय?"

दुसरा कागद आत गेला. बाहेर आला. टाळे काढावे. हरबानं टाळं काढलं आणि हात जोडून उभा राहिला.

"अरे, आता काय राहिलं?"

"कडी, सायेब."

आतून रडल्यासारखा आवाज आला. तेव्हा चिमाक्का दाराला तोंड लावून गोडीत म्हणाली, "साहेब, हा असाच आहे. एकेक लिहीत बसलात तर दिवाळी इथंच होईल. एकदाच सगळं लिहून टाका. मी सांगते. वखारीचं टाळं, सील, कडी सर्व काढावे. ढीग आढळला नाही. फाटक महिन्याभरात बसवावे. तोवर वखार चालू ठेवण्यास हरकत नाही."

"हरकत नाही लिहायलाच पाहिजे?"

"नाही लिहिलं तर हा अडून बसेल, साहेब."

साहेबानं लिहिलं. सही केली. हरबानं वरून शिक्का मारला, कडी काढली, आणि साहेब जो निघाला तो थेट जीपमध्ये. त्यानं पुढं बदली मागून घेतली म्हणतात. जिथं झाडच नाही असं गाव मागितलं.

करवत पुन्हा घुर्रर्र करायला लागली. चिमाक्कानं कागद देवापुढं ठेवला. हसून हसून तिचे डोळे गळत होते. तिनं मोठं पातेलंभर कालवण केलं, भाकऱ्यांची चळत रचली आणि हाक मारली, "हरबा, ये रे बाळा, जेवायला!"

हरबा पत्र्याच्या दारापाशी उभाच. "अक्का, कागद?"

"कसला कागद मेल्या? जेव म्हणतेय ना!"

"तोंडानं न्हाई चालत."

चिमाक्कानं पेन्सिल घेतली आणि लिहिलं, हरबाने जेवावे. खाली सही केली. हरबानं कागद खिशात घातला, मांडी घातली आणि सुरू केलं.

थांबावे असं लिहायचं तेवढं तिच्याकडून राहिलं. म्हणून हरबा अजून जेवतोच आहे.