खालच्या बिळाची गटारपट्टी

फार जुनी गोष्ट. टेकडीच्या उतारावर उंदरांचं गाव होतं. सगळ्यात वर सरपंच घुशीचं बीळ, अगदी खाली चिचुंद्रीचं. पावसाच्या पाण्यासाठी खणलेल्या चरात कुणी माती टाकायची नाही, असा गावचा नियम होता. पण घुशीने बीळ वाढवलं आणि निघालेली सगळी माती चरात लोटली.

दोन सरी पडल्या, तशी चिचुंद्री पंचायतीत आली. "सरपंचबाई, चर तुंबलाय! पाणी माझ्या दारात शिरतंय. पिल्लांचे अजून डोळेही उघडले नाहीत."

घूस कळवळून म्हणाली, "अगं बाई! जा, तुझी यंदाची गटारपट्टी माफ."

"माफी नको हो, चर मोकळा करा!"

"त्याचं पुढच्या बैठकीत बघू."

पंचांनी माना डोलावल्या. चिचुंद्री तशीच पिल्लांकडे धावली.

मग पाऊस कोसळला. जरा उघडीप पडताच घूस माफीचा ठराव घेऊन स्वतः खाली उतरली. बिळाच्या तोंडाशी वाकून तिने दोनदा हाक मारली.

आतून गढूळ बुडबुडे तेवढे वर आले.

मागे काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. घुशीने दचकून वर पाहिलं. चरात तिनेच लोटलेला ढीग, मागे साठलेल्या पाण्यासकट, हळूहळू खाली सरकत होता.