पार केलेला टप्पा

सोमवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये काम दाखवताना विश्वेशने चुकून अख्खी स्क्रीन शेअर केली आणि त्याचा अर्धवट सोडलेला गेम साऱ्या टीमला दिसला. आतल्या खोलीत वडील अंथरुणाला खिळलेले होते, म्हणून तर तो घरून काम करत होता.

कारखानीस साहेबांना आयतंच कोलीत मिळालं. "घरी बसून हे चालतं तर. या खेळात असं काय आहे, जे आपल्या कामात नाही? सांगा सगळ्यांना. पटलं तर राहा घरी, नाहीतर उद्यापासून ऑफिसात या."

विश्वेशमध्ये आता भ्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

"सर, यात एक टप्पा पार केला की तो पार झालेलाच राहतो. आपलं लॉगिनचं पान मी दिवाळीपासून करतोय. दर वेळी तुम्ही छान म्हणता आणि दर वेळी क्लायंट ते पहिल्यापासून करायला लावतो."

कोणी हसलं नाही. प्रत्येकाकडे असं एक पान होतंच.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "राहा घरीच," ते म्हणाले. मग आवाज खाली आणत, "सकाळीच क्लायंटचा फोन आला होता. ते पान पुन्हा बदलायचंय."

जिंकलेल्या विश्वेशने गेम बंद केला आणि तेच पान उघडलं.