झाकलेला पॉवर सप्लाय

बिल्डर खराडेसाहेबांनी सुलभाताईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात सर्वांत तगडं ग्राफिक्स कार्ड निवडलं. गिऱ्हाइकांना नवा टॉवर पडद्यावर फिरवून दाखवायचा होता. पॉवर सप्लाय मात्र त्यांना हलकाच हवा होता.

"साहेब, त्याला या कार्डाचा भार पेलणार नाही," सुलभाताई म्हणाल्या.

"मला शिकवू नका! तो आत झाकलेला असतो. कोण बघतंय?"

शेजारी माउस निवडणाऱ्या मोकाशींनी त्याच टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला होता, हे सुलभाताईंना ठाऊक होतं. त्या गोड हसल्या.

"खरंय. टॉवरचा पायाही झाकलेलाच असतो, नाही का?"

मोकाशींनी हातातला माउस खाली ठेवला.

खराडेसाहेबांनी चटकन मोकाशींकडे पाहिलं. "ताई, दुकानातला सगळ्यात दणकट द्या! आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये बसवा. मोकाशींना नीट दिसू दे!"