लढाईआधीचा विजय

बोरगडच्या दरबारात दोन पक्ष होते, दिवाणाचा आणि सेनापतीचा. एकाचं तोंड पूर्वेला, तर दुसऱ्याचं पश्चिमेला. पण विहिरी आटल्या, लोक चव्हाट्यावर शिव्या देऊ लागले, तेव्हा दोघांचं चटकन एकमत झालं, शेजारच्या राजावर चालून जाऊ. एकदा तलवारी उपसल्या की पाणी मागतोय कोण?

लढाईची दवंडी पिटायला म्हाताऱ्या सटवाजीला बोलावलं. त्याचा एकुलता एक लेक पायदळात, तोही पहिल्या रांगेत. सटवाजी चौकात गेला आणि हलगी बडवून ओरडला, "ऐका हो ऐका! शेजारचा राजा न लढताच शरण आला! आपण जिंकलो!"

झालं! गुलाल उधळला. 'ही आमच्याच पक्षाची करामत' म्हणत दिवाण एका हत्तीवर चढला, सेनापती दुसऱ्यावर. दोघांनी नाकापर्यंत हार घालून घेतले.

राजाने सटवाजीला दरबारात धरून आणवलं. दिवाण आणि सेनापतीही हारांसकट तिथे हजर झाले. "थेरड्या, खोटी दवंडी पिटतोस? मुंडकं उडवीन!"

"उडवा की. पण सरकार, लढाई जिंकून जे मिळवायचं ते सगळं मिळालं. मिरवणूक निघाली, दोघं मोठे झाले, पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. आता फक्त आमची पोरं मरायची राहिलीत. तीही हवीच असतील, तर पुन्हा दवंडी देतो, की या दोघांनी घातलेले हार फुकटचे होते."

राजाने दोघांकडे पाहिलं. दोघेही हार सावरत एका सुरात ओरडले, "छे छे, सरकार! विजय अगदी खरा आहे!"